दमणला गेलेला तुंबा

आमच्या घरात दमण हा शब्द दिवसातून वीसदा तरी निघायचा. बाई दमणला गेली म्हणजे हंडा घेऊन शंभर पावलं खाली नदीवर गेली, चुलीवरचा भात शिजायच्या आत ती परत येणार. बाप्या दमणला गेला म्हणजे आठ महिने गेला. जनावरं दमणला, धुणं दमणला, आणि बोंबलाचा वास सुटला की तोही दमणचा. माझा आजा आणखी एक दमण सांगायचा, 'दमणचं राज्य'. तिकडे फिरंग्यांचा अंमल होता, मिठाची पिशवी घेऊन येणाऱ्याला नाक्यावर उतरवून तपासत, असं तो सांगे. फिरंगी गेले, पण आजानं त्या गावाला 'राज्य' म्हणणं मरेपर्यंत सोडलं नाही. पुस्तकात आमच्या नदीला दमणगंगा म्हणतात. पाड्यावर तिला गंगा कुणीच म्हटलं नाही. गंगा म्हणजे नाशिकची, जिच्यात लोक डुबक्या मारायला येतात ती. आमची नुसती दमण. इतक्या दमणी एका घरात नांदत होत्या, पण कोणती कोणती हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

मी तीस वर्षं नाशकात भूगोल शिकवतो आहे. नकाशावर केंद्रशासित प्रदेश दाखवताना माझी पट्टी समुद्रकाठच्या त्या ठिपक्यावर येते आणि दर दोन-तीन वर्षांनी एखादी हुशार मुलगी विचारते, "सर, नदीवरून गावाचं नाव पडलं की गावावरून नदीचं?" मी सांगतो, याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, परीक्षेला येणार नाही, पुढे चला. त्या ठिपक्यापासून उगमाकडे जाणाऱ्या निळ्या रेघेवर, हरसूलच्या पलीकडच्या डोंगरात, माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा खोटेपणा घडला आहे आणि सर्वांत मोठा आनंदही तिथेच झाला आहे, हे वर्गात सांगता येत नाही. इथे सांगतो. आत्मचरित्रातलं हे प्रकरण मी तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा ते टाकून नोकरीच्या प्रकरणाकडे पळालो.

आमचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, नदीच्या बाजूला तोंड करून. पावसाळ्यात दमणचा आवाज घरात इतका भरायचा की माणसं आपोआप मोठ्यानं बोलायची, आणि दिवाळीनंतर पाणी ओसरलं तरी आईचा आवाज तसाच चढा राहायचा. घरात आई, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान बहीण मंजी. बा वर्षातले आठ महिने दमणला, म्हणजे राज्यात. तिथल्या धक्क्यावर तो होड्यांमध्ये बर्फ भरायचा. आषाढात होड्या बंद होत, तेव्हा तो आवणीला घरी यायचा, म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावायच्या वेळी. येताना पाठीवर सुकट-बोंबलाचं गाठोडं असायचं. त्या दिवशी चुलीत निखारे ओढून आई बोंबील भाजायची, नागलीची भाकर, वर लाल मिरचीचा ठेचा. आम्ही तिघं खायचो आणि बा बघत बसायचा. "तिकडं रोज हेच," म्हणायचा, "मला तेऱ्याची भाजी दे." तेरा म्हणजे रानातलं अळू, पहिल्या पावसानंतर बांधावर उगवतं. बा आला की आई त्याची पानं चिंचेच्या पाण्यात शिजवायची, नाहीतर घसा खाजतो. बा दोन वाट्या प्यायचा आणि मग म्हणायचा, "आता आलो घरी."

मी हरसूलला शाळेच्या वसतिगृहात राहून दहावी झालो. पाड्यावरून दहावी पास झालेला मी पहिलाच. निकालाच्या दिवशी गुरुजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नाशिकला अकरावीत माझं नाव घालता येईल, वसतिगृहात जागाही मिळेल, फक्त श्रावण लागायच्या आत हजर व्हायला हवं. मी घरी आलो तो जमिनीवर पाय न टेकता. आईनं गुळाचा चहा केला. भावडूकाका शेजारचे, त्यांची जीभ कायम धार लावलेली. ते म्हणाले, "आता काशा नाशकाला जाणार, तिथून आमाला पत्र लिवणार, न् ते वाचायला पुन्हा काशालाच बोलवाया लागणार."

ते थट्टेत बोलले, पण खरंच तसं होतं. पाड्यावर येणारं प्रत्येक पत्र, सुटीत घरी आलो की, मीच वाचायचो आणि जाणारं प्रत्येक मीच लिहायचो.

आठ दिवसांनी बाचं पत्र आलं. बाला लिहिता येत नव्हतं. धक्क्यावरचा चहावाला त्याच्यासाठी लिहायचा, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. आई पडवीत नागलीचं बी पाखडत होती. मी उंबऱ्यावर बसून पत्र उघडलं आणि आधी मनात वाचलं. पोरगा पास झाल्याचं कळलं, लय आनंद झाला, धक्क्यावर सगळ्यांना चहा पाजला. शेठ म्हणतो पोराला आण, बर्फाच्या कारखान्यात घेतो, आज फोडायला, उद्या मशीनवर. शेठनं होड्यांना डांबर लावायला पावसात थांब म्हटलं आहे. आवणीला माणूस लागत असंल तर कळव, मी येतो न् जाताना काशाला संगं घेऊन जातो. लागत नसंल तर दिवाळीला येतो.

"काय म्हनतो तुझा बा?" आईनं सूप न थांबवता विचारलं.

आज मी पंचावन्न वर्षांचा आहे. त्या प्रश्नानंतर माझ्या तोंडून जे निघालं ते अजून शब्दाशब्दानं आठवतं, कारण ते मी पाठ असल्यासारखं म्हटलं. "मी बरा आहे. होड्यांना डांबर लावायचं काम निघालं आहे. आवणीला यायला जमणार नाही. आवणी उरकून घ्या. दिवाळीला येतो." शेवटी मी स्वतःहून "मंजीला आशीर्वाद" घातलं, खरं वाटावं म्हणून. दिवाळीपर्यंत मी नाशकात असणार होतो. मग कोण नेणार होतं मला बर्फ फोडायला?

आईचं सूप थांबलं. "जमनार नाय?" ती म्हणाली. मग म्हणाली, "लिव. रोपं तयार झाली म्हून लिव. दोन दिस तरी ये. चिखलणी तेवढी करून जा, बाकीचं आमी बगू."

मी पाटीवर वही ठेवून तिच्यासमोरच लिहिलं. अक्षर माझं मोत्यासारखं होतं, गुरुजी वर्गात दाखवायचे. त्या मोत्यांनी मी लिहिलं : आवणी झाली. भावडूकाकांनी चिखलणी करून दिली. तुम्ही येऊ नका, दिवाळीला या. आईनं अंगठा उमटवायला हात पुढे केला. तिचा अंगठा मी शाईत बुडवला आणि त्या खोट्याखाली धरून दाबला. पुष्कळ पापं माणूस विसरतो. तो अंगठा मला दर आषाढात आठवतो.

आता आवणीचं सांगायला हवं. खाचरात पाणी तुंबवून बैलांनी चिखल करायचा, वर फळी फिरवून तो सारखा करायचा, ही चिखलणी. ती झाली की बायका ओळीनं उतरून रोपं लावतात. पाड्यावर बावीस घरं. आवणी पाळीनं चाले, आज या घरची, उद्या त्या घरची, सगळे सगळ्यांकडे. पण ज्या घरी नांगरामागे बाप्या नाही, त्या घराची पाळी शेवटी. ही काही दुष्टपणाची रीत नव्हती. ज्याची चिखलणी तयार, त्याच्याकडे आधी, इतकंच. आणि पोरगा कितीही वाढला तरी बापाच्या डोळ्यांदेखत त्यानं एक चिखलणी केल्याशिवाय तो बाप्यात मोजला जात नसे. माझी ती झाली नव्हती. दरवर्षी त्या दिवसांत मी शाळेत असायचो.

म्हणून मीच नांगर धरायचं ठरवलं. मनात असं होतं की चिखलणी झाली तर पत्रातलं खोटं आपोआप खरं होईल. पहाटे बैल जुंपले, मंजी पुढे चालली, मी मागे. दोन फेऱ्या बऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला वळताना मी कासरा उलटा ओढला, डावा बैल बिथरला आणि फाळ थेट वरच्या बांधात गेला. बांध फुटला. वरच्या खाचरात साठवलेलं सगळं पाणी, वर्षभर शेणखत घातलेली माती घेऊन, आमच्या डोळ्यांसमोर खाली दमणमध्ये गेलं. नदी तिथे घटकाभर काळी झाली होती.

भावडूकाका त्यांच्या शेतातून डोक्यावरचं पानांचं इरलं सावरत धावत आले. बांधाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कालेजात हेच शिकवतेत का रं? अजून गेला नाय, तवर एक बांध फोडला. शिकून आला का धरणच फोडशील."

बायका हसल्या. आई हसली नाही. ती रोपांच्या वाफ्याशी गेली, एक रोप उपटलं, बोटांत फिरवलं. रोपाची टोकं पिवळी पडायला लागली होती. लावायचे दिवस उलटून चालले होते. आणखी दहा-बारा दिवसांनी ती रोपं लावून भात होणार नव्हता, नुसतं गवत होणार होतं. आणि भात नाही झाला तर माघापासून आई आणि मंजीलाही कामाला बाहेर पडावं लागणार, हे मला कळत होतं.

त्या दुपारी आईनं आढ्याला टांगलेला तुंबा काढला. तुंबा म्हणजे वाळवून आतून कोरलेला भोपळा. आम्ही त्यात बी ठेवायचो, पाणी न्यायचो, पोरं तो पोटाशी बांधून पोहायला शिकायची. प्रत्येक घराची आपली खूण असे, ती तापल्या विळ्यानं टोपल्यांवर, तुंब्यांवर डागलेली. आमची खूण मोराचा पाय, तीन बोटं पुढं, एक मागं. नदीत खुणेची वस्तू सापडली तर कुणी ती ठेवून घ्यायची नाही. अडकली असेल तर पुढे सोडायची, नाहीतर त्या घरच्या माणसाकडे पोचती करायची. ही रीत एकट्या आमच्या पाड्याची नव्हती, खाली नदीकाठच्या सगळ्या पाड्यांची होती. आणि आवणीला माणूस आला नाही तर घरची बाई तुंबा सोडायची. माझ्या आजाला त्या फिरंग्यांच्या राज्यातून एकदा असंच बोलावून आणलं होतं म्हणतात.

आईनं पिवळ्या टोकांच्या रोपांची एक मूठ मुळांवरच्या चिखलासकट तुंब्यात घातली. तोंडाला लाकडाचा बूच, वरून मेण.

"आई, याचा काय उपयोग?" मी म्हणालो. पुस्तक आणलं, नकाशा उघडला, तिच्यापुढे धरला. "हे बघ. ही आपली दमण. हे इथं मधुबनचं धरण. आजाच्या वेळेला नव्हतं. एवढी मोठी भिंत आहे नदीवर. तुंबा तिथंच अडकणार. दमणपर्यंत जाऊच शकत नाही."

तिनं नकाशातल्या रेघेवरून बोट फिरवलं. "एवढीशीच हाय व्हय?" मग म्हणाली, "धरनाला दार असंल ना?"

"असतं."

"मंग झालं."

ती खाली गेली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि तुंबा सोडला. तो एकदा गरकन फिरला, मोराचा पाय वर आला, आणि गढूळ पाण्यावर उड्या मारत वळणाआड गेला. मंजीनं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी खेकडे धरायचं निमित्त करून नदीकाठानं खाली गेलो. कशासाठी गेलो हे मी इतकी वर्षं स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. मला तो तुंबा अडकलेला हवा होता. आणि तो होता. दोन वळणं खाली, उंबराच्या उघड्या मुळांत, काटक्या आणि फेसाबरोबर, जाग्यावरच डुलत होता. मी पाण्यात उतरून तो धरला. बूच काढायचं, दगड भरायचे, डोहात सोडायचा, एवढंच काम होतं. आत रोपं ओली सरसरली. बोटांखाली मोराच्या पायाचे चर लागले. लहानपणी पोहायला शिकताना हाच तुंबा माझ्या पोटाशी बांधलेला असायचा आणि बाचा हात पाठीवर असायचा.

मी तो मुळांतून सोडवला आणि धारेत ढकलून दिला.

इथे थांबून मी चांगला मुलगा होतो असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण खरं हे की ढकलताना माझ्या मनात धरण होतं. मी रीत मोडली नाही, कारण मोडायची गरज नव्हती. माझा भूगोल ते काम करणार होता. घरी येऊन मी आईला चार खेकडे दिले. तिनं त्यांचं कालवण केलं, मी दोनदा मागून घेतलं.

मग दिवस मोजणं सुरू झालं. एकेका घराची आवणी होत गेली. आई आणि मंजी रोज कुणाच्या तरी खाचरात, मीही जायचो. बायका गात गात मागे सरकायच्या आणि हिरवी ओळ पुढे पुढे येत जायची. सगळा उतार हिरवा होत चालला होता, मधे आमचं खाचर तेवढं काळं. मी बांध पुन्हा घातला, रोज माती थापटून, अनवाणी तुडवून. भावडूकाका येऊन त्यावर उभे राहिले, टाचेनं दाबून बघितलं आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता गेले. पाणी पुन्हा साठलं. पण चिखलणी कोण करणार? काका शेवटच्या पाळीपर्यंत मोकळे होणार नव्हते, आणि माझ्या हातात नांगर द्यायचं आता कुणाच्या मनातही नव्हतं. तिकडे गुरुजींनी सांगितलेला श्रावण जवळ येत होता. नवव्या दिवशी वाफ्यातली रोपं अर्धी पिवळी झाली होती. रात्री जेवताना मी मनाशी ठरवलं की उद्या आईला सगळं सांगायचं. सकाळी उठल्यावर काही सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी आई तव्यावर भाकर टाकत होती. मंजी बांधावर शेळ्यांकडे होती. तिथून ती ओरडली, "आई! मोराचा पाय! मोराचा पाय आला!"

आम्ही बाहेर आलो. पायवाटेनं बा चढून येत होता. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पाठीला बोंबलाचं गाठोडं, आणि खांद्यावरच्या काठीला आमचा तुंबा टांगलेला. मागून वरच्या शेतातून बायका खाचर सोडून, चिखलाच्या हातांनी पळत येत होत्या. भावडूकाकांनी तिथूनच हाळी दिली, "आरं शिरपत, तुला तुंब्यानं आनला का तू तुंब्याला?"

"मानसांनी आनला," बा म्हणाला. अंगणात बसून त्यानं सगळं सांगितलं. तुंबा धरणापर्यंत गेला होता. माझा भूगोल बरोबर होता, भिंतीपाशी ओंडक्यांच्या गाळात तो अडकलाही होता. पण धरणामागे साठलेल्या त्या पाण्यावर मासे धरणारे लोक आपल्याच बाजूचे. एका म्हातारीनं तो काढला, खूण बघितली आणि म्हणाली, हा दमणला जायचा. खाली कामाला जाणाऱ्या एका पोराकडे दिला. त्यानं सिल्वासाला एका गवंड्याकडे, गवंड्यानं वापीला टेम्पोवाल्याकडे. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. प्रत्येक जण एवढंच विचारायचा, मोराच्या पायाचं घर कुणाचं? टेम्पोवाला धक्क्यावर येऊन तुंबा डोक्यावर धरून उभा राहिला आणि होडीखाली डांबरात हात घातलेल्या बानं वर बघितलं.

"बूच काढला," बा म्हणाला, "रोप बघितलं. टोकं बघितली. तशीच हातपाय न धुता गाडी धरली." त्यानं हात पुढे केले. कोपरापर्यंत डांबर होतं.

आई उठली, विळा घेतला आणि बांधावरचा तेरा कापायला गेली. पाठमोरी होती, पण मंजी पुढून बघून आली आणि माझ्या कानात म्हणाली, "आई हसतेय."

तुंबा परत आला की त्या घराला पाळीची वाट बघावी लागत नाही, सगळा पाडा आधी तिथं उतरतो. मला हे ठाऊकच नव्हतं, कारण माझ्या जन्मानंतर कुणाचा तुंबा परत आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडताच बावीसही घरांतली माणसं आमच्या खाचरात उतरली. पाच जोड्या बैल एकाच वेळी चिखलात. बानं नांगर धरला, एक फेरी मारली आणि मला हाक मारली. "ये. धर." मी म्हणालो, "बा, मी बांध फोडला." "बगितला," तो म्हणाला, "नवा घातलाय तोबी बगितला. धर." त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला, वळताना कासरा कुठे ढिला सोडायचा ते एकदा दाखवलं, आणि हात काढून घेतला. मी तीन खाचरं केली. बायका मागून रोपं लावत येत होत्या, चाळीसेक हात एका लयीत. इरल्यांवर पाऊस वाजत होता आणि भावडूकाका प्रत्येक वळणाला ओरडत होते, "सांभाळ रं, धरन हाय पुढं!" पिवळी टोकं चिखलात उभी राहिली. दिवस मावळायच्या आत शेवटची मूठ मंजीनं लावली आणि जी आरोळी उठली, ती खालच्या पाड्यावरून परत आमच्याकडे आली. इतकी माणसं एका कामात इतकी खूष असलेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत, आणि मी पुष्कळ समारंभ पाहिले आहेत. आई चिखलानं माखलेली बांधावर उभी राहून सगळ्यांना गूळ वाटत होती, आणि प्रत्येकीला सांगत होती, "माझा तुंबा राज्यातून आला गं."

संध्याकाळी बा आणि मी बैल धुवायला नदीवर गेलो. पाण्यात उभ्यानंच त्यानं खिशातून घडी केलेलं पत्र काढलं. माझं.

"चहावाल्यानं वाचून दावलं. आवनी झाली म्हनं."

मी बैलाच्या पाठीवर पाणी मारत राहिलो.

"त्यो म्हनाला, शिरपत, काय अक्षर हाय. छापल्यागत." बानं पत्र उलटंसुलटं केलं. त्याला ते सारखंच दिसत असणार. "मी इचार केला, असल्या अक्षराचं पोरगं बर्फ फोडाया नेलं तर लोक मला येडा म्हनतील." मग त्यानं पत्राचे दोन तुकडे केले आणि दमणमध्ये सोडले. "नाशकाला कवा जायाचं?"

"परवा."

"येतो गाडीपातुर." थोड्या वेळानं म्हणाला, "पुन्यांदा तिच्या अंगठ्यावर असं काय लिवू नको."

पीक थोडं कमी आलं, पण आलं. मी नाशकाला आलो, शिकलो, इथलाच झालो. बा पुढे आणखी बारा वर्षं त्या धक्क्यावर बर्फ भरत राहिला. त्यानं आईला कधीच काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगायचं ठरवून मी कितीदा तरी हरसूलच्या गाडीत बसलो, आणि दर वेळी तिनं पुढ्यात ताट ठेवलं की गप्प झालो. बा गेल्यावर तर वाटलं, आता सांगणं म्हणजे त्यानं राखलेली गोष्ट मोडणं.

गेल्या हिवाळ्यात आई म्हणाली, "मला दमण दाव एकदा." तिचं वय आता ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले. मी गाडी केली, मंजीला वाटेत घेतलं. दमणच्या पुलाखाली, जिथं नदी समुद्राला मिळते, तिथं दोघींना उतरवलं. धक्क्यावर रंगीत होड्या होत्या, डांबराचा वास होता. मंजी नारळपाणी आणायला गेली. आई पायरीवर बसली, वाकून ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकलं. "खारट झाली," ती म्हणाली. "लांब आली ना." मग होड्यांकडे बघत बसली.

तिथं मी सांगितलं. पत्र काय होतं, मी काय वाचलं, काय लिहिलं, तिचा अंगठा, उंबराच्या मुळांतला तुंबा. 

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला म्हाईत व्हतं."

"बानं सांगितलं?"

"त्यो कशाला सांगंल? तू वाचत व्हतास तवा तुझा पाय हालत व्हता. उंबऱ्यावर. ल्हानपनापास्नं खोटं बोलाया लागला का तुझा उजवा पाय हालतो. नायतर तुंबा कशाला सोडला असता मी? पत्र तुझ्याच हातात व्हतं, जातानाबी न् येतानाबी. तुझ्या हातातनं जानार नाय असं काय तरी धाडायला नको?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस? मारलं का नाहीस?"

"मारून काय? तुला शिकायचं व्हतं. मला तुझा बा पायजे व्हता." ती हसली, पुढचे दोन दात नाहीत. "दोनी झालं का नाय?"

मंजी तीन नारळ कवेत घेऊन येत होती. आईनं तिच्याकडे बघून हात केला, मग खाली माझ्या पायांकडे बघितलं.

"बग," ती म्हणाली, "आता नाय हालत."